सिंथेसायझर आणि रानाचा आवाज

प्रश्न : माझी भाची संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत रचते. अलीकडे ती पक्ष्यांच्या आणि बेडकांच्या आवाजांवर काम करू लागली आहे. अशा संगीताला पूर्वपरंपरा आहे का, आणि त्यामुळे जैवविविधतेच्या रक्षणाला खरोखर हातभार लागतो का, की निसर्ग त्यात केवळ सजावटीपुरता उरतो? – एक वाचक, सातारा

उत्तर : परंपरा आहे, आणि ती अर्ध्या शतकाहून जुनी आहे. अमेरिकेत मूग सिंथेसायझर (विजेच्या साहाय्याने आवाज घडवणारे वाद्य) लोकांपर्यंत नेणाऱ्या पहिल्या वादकांमध्ये पॉल बीव्हर आणि बर्नी क्राउस यांची जोडी होती. १९७० मध्ये त्यांनी ‘इन अ वाइल्ड सँक्च्युअरी’ ही पर्यावरणाला वाहिलेली ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यासाठी क्राउस ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन प्रथमच मोकळ्या निसर्गात गेले आणि पुढे तेच त्यांचे जीवनकार्य झाले. त्यांनी जैवध्वनिशास्त्राचा, म्हणजे सजीवांच्या आवाजांचा, अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली आणि जगभरच्या अधिवासांतील हजारो तासांचे आवाज साठवले. निरोगी अधिवासात प्रत्येक प्रजाती आपल्या आवाजासाठी वेगळी पट्टी किंवा वेगळी वेळ धरून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे, आणि संगीतकाराच्या कानाला ते लगेच पटते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्याच एका कामात सापडते. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात लिंकन मेडो नावाचे कुरण आहे. तेथे सरसकट तोड न करता निवडक झाडेच तोडली, तर पर्यावरणावर परिणाम होणार नाही, असे लाकूड कंपनीने स्थानिकांना पटवले होते. क्राउस यांनी १९८८ मध्ये तोडीपूर्वी तेथील पहाटेचे ध्वनिमुद्रण केले, आणि वर्षभराने तोड झाल्यावर त्याच सुमारास, त्याच प्रहरी, तशाच हवामानात पुन्हा केले. छायाचित्रांत कुरण पूर्वीइतकेच हिरवे दिसत होते. ध्वनिमुद्रणात मात्र पक्ष्यांचा तो दाट मेळ नाहीसा झाला होता आणि ओढ्याचा आवाज व सुतार पक्ष्याची ठकठक एवढेच प्रामुख्याने उरले होते. त्यानंतर अनेक वर्षे ते तेथे जात राहिले, तरी पूर्वीचा आवाज परतला नाही. डोळ्यांना न दिसलेली हानी कानांनी ओळखली ती पहिले ध्वनिमुद्रण जपलेले होते म्हणूनच, आणि अशा संगीताचे खरे मोल मला येथेच वाटते.

सजावटीचा धोका आपण म्हणता तसा आहेच. कोणत्या प्रदेशातील कोणता पक्षी, हे ठाऊक नसताना तालाखाली किलबिल पसरणाऱ्या रचना पुष्कळ आहेत, आणि त्यांनी कोणत्याही जंगलाचे भले होत नाही. याउलट, दक्षिण अमेरिकेतील संकटग्रस्त पक्ष्यांच्या आवाजांवर आधारलेला इलेक्ट्रॉनिक रचनांचा एक संग्रह २०१५ मध्ये निघाला. त्याची मिळकत पक्षिसंवर्धनाच्या कामाला देण्यात आली.

आपल्या भाचीने मूळ ध्वनिमुद्रण न कापता, न सुधारता वेगळे जपावे, त्यासोबत ठिकाण, तारीख, वेळ आणि हवामान यांची नोंद ठेवावी, आणि रचना मात्र त्याच्या प्रतीवर करावी; मधूनच आलेला गाडीचा आवाजही मूळ नोंदीतून काढू नये, कारण तोही त्या जागेचा पुरावा असतो. चांगला आवाज मिळावा म्हणून पक्ष्याला त्याच्याच सुरांचे ध्वनिमुद्रण ऐकवण्याचा मोह तिने कटाक्षाने टाळावा. आपल्या सह्याद्रीतील शीळकरी कस्तूर पावसाळ्यात मनसोक्त गातो, पण तोच त्याच्या विणीचा काळ असतो. ऐकवलेली शीळ त्याला हद्दीत शिरलेल्या दुसऱ्या नराची वाटते आणि घरटे सोडून तो त्या आवाजाच्या मागे लागू शकतो. त्यापेक्षा एकाच ओढ्याकाठी, एकाच प्रहरी, दरवर्षी ध्वनिमुद्रण करीत राहावे. त्यातून तिला रचनेसाठी सामग्री मिळेल आणि अभ्यासकांना तुलनेसाठी आधार.