मलेरियाच्या औषधाचं श्रेय चीनच्या गे हुंग या प्राचीन वैद्याला द्यावं का? त्याने लिहून ठेवलेला उपाय घरी करता येतो का?

श्रेय द्यावं, पण नेमकं कशाचं ते पाहून. गे हुंग (इ.स. २८३–३४३) यांनी आर्टेमिसिनिन, म्हणजे मलेरियावरचं आजचं औषधी द्रव्य, शोधलं नाही. त्यांनी एक कृती लिहून ठेवली, आणि ती सोळाशे वर्षांनी कामी आली.

आजच्या जिआंग्सू प्रांतातल्या जुरोंगचे हे ताओपंथी किमयागार. अखेरची वर्षं ग्वांगदोंगमधल्या लुओफू डोंगरावर काढली. त्यांनी आधी औषधांचा भलामोठा ग्रंथ रचला होता. मग त्यातून बाहीत मावेल एवढी, अडीअडचणीला हाताशी ठेवायची पुस्तिका काढली, 'झौहौ बेइजी फांग'. महागडी द्रव्यं टाळायची, आसपास उगवतं ते वापरायचं, असा तिचा रोख. गरिबाच्या घरी वैद्य पोहोचत नाही हे ओळखून लिहिणारा माणूस म्हणून मला ते मोठे वाटतात.

त्यातल्या थंडीतापाच्या प्रकरणातला एक उपाय असा: छिंगहाव ही वनस्पती मूठभर घ्यायची, दोन शंग पाण्यात (त्या काळचा एक शंग साधारण २०० मिलिलिटर) भिजवायची, पिळून रस काढायचा आणि सगळा प्यायचा. उकळायचं कुठेच सांगितलेलं नाही. चिनी वैद्यकात बहुतेक औषधं काढा करूनच देतात, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची.

१९६७ साली चीनने मलेरियावर औषध शोधण्यासाठी 'प्रकल्प ५२३' हाती घेतला. त्यात 'तू यूयू' या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने शेकडो अर्क तपासले. छिंगहावने एकदा जंतूंची वाढ ६८ टक्के रोखली, पुढच्या चाचण्यांत आकडा १२ ते ४० टक्क्यांवर घसरला. गे हुंगांची ओळ पुन्हा वाचल्यावर तू यूयूंना शंका आली की उष्णतेने गुण जात असावा. मग त्यांनी अर्क काढायला सुमारे ३५ अंशांनाच उकळणारा ईथर हा द्रव वापरला, देठ सोडून पानं घेतली आणि अर्कातला विषारी आम्ल भाग वेगळा काढून टाकला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांमध्ये १०० टक्के परिणामकारक ठरला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. मुळात वनस्पतीही नीट निवडावी लागली: छिंगहाव नावाने एकाहून अधिक झाडं विकली जात, पण आर्टेमिसिनिन मिळतं ते आर्टेमिसिया अॅनुआमध्ये.

आता घरच्या उपायाचं. करू नका. आर्टेमिसिनिन पाण्यात फारच कमी विरघळतं, आणि पानांतलं त्याचं प्रमाण वाण व तोडणीच्या वेळेनुसार बदलतं. त्यामुळे पेल्यात किती उतरलं हे कळायला मार्ग नाही. शिवाय ते काही तासांतच शरीरातून निघून जातं. एकटंच घेतलं तर ताप उतरतो, पण उरलेले जंतू पुन्हा वाढतात. अपुऱ्या मात्रेमुळे औषधाला दाद न देणारे जंतूही तयार होतात. म्हणूनच ते दुसऱ्या, जास्त काळ टिकणाऱ्या औषधासोबत देतात. भारतात फॅल्सिपेरम मलेरियाला (मलेरियाचा जास्त धोकादायक प्रकार) बहुतेक राज्यांत आर्टेसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात, ईशान्येत आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन; यांतली आर्टेसुनेट आणि आर्टिमेथर ही आर्टेमिसिनिनपासूनच बनवलेली औषधं. कोर्स तीन दिवसांचा, आणि तो रक्ततपासणीनंतरच.

आणि जोतिबाला वाहतो तो दवणा याच आर्टेमिसिया गटातला असला तरी वेगळी वनस्पती आहे. मलेरियाचं औषध त्यापासून बनत नाही.