बगलेपर्यंत की कोठारापर्यंत?

प्रश्न : वास्कोतील आमच्या जुन्या घराची डागडुजी चालू असताना पणजोबांच्या पेटीत एका इंग्रजी कराराची नक्कल सापडली. ते मुरगाव बंदरात कोळशाच्या ठेकेदाराकडे मोजणी कारकून होते, असे घरात सांगतात. बंदरात येणाऱ्या युद्धनौकांना दगडी कोळसा पुरविण्याचा हा करार आहे. पहिल्या पानाचा वरचा भाग फाटल्यामुळे साल आणि पक्षकारांची नावे कळत नाहीत. दर टनाला दोन भाव आहेत : एक ‘जहाजाच्या बगलेला’ आणि दुसरा, त्याहून चढा, ‘कोठारात रचून’. टन २२४० पौंडांचा धरावा, तासाला ठरलेल्या टनांपेक्षा कमी भरणा होऊ नये, रविवारी व सणांनाही काम चालावे, अधिकाऱ्याला माल नाकारता येईल, अशी कलमे आहेत. दोन भाव कशासाठी? गोवा पोर्तुगिजांचा असताना लढाईच्या काळात कोणत्याही देशाच्या युद्धनौकेला येथे कोळसा विकता येत असे काय? आणि शेवटच्या पानामागे पेन्सिलीने चार उभ्या रेघा व त्यांवर एक आडवी, अशी ४६ जुडगी काढली आहेत, ती कशाची असावीत?
— एक वाचक, वास्को

उत्तर : आपल्या कराराचे मर्म त्या दोन भावांतच आहे. अशा व्यवहारात कोळसा किती रुपयांना, यापेक्षा तो ठेकेदाराचा कोठपर्यंत आणि नौदलाचा कोठून, हे ठरविणे अधिक मोलाचे असे. वजन, मजुरी, खोळंबा आणि नुकसानी यांचा सारा हिशेब त्या एका रेषेवरून मांडला जाई. ‘बगलेला’ या भावात ठेकेदाराने भरलेला पडाव, म्हणजे माल वाहणारी होडी, युद्धनौकेला आणून भिडविला की त्याचे काम संपले. पुढे गोण्या वर ओढून घेणे आणि कोळसा जहाजाच्या पोटात उतरविणे ही नौदलाची जबाबदारी. ब्रिटिश नौदलात तर खलाशांबरोबर बरेचसे अधिकारीही या कामाला जुंपले जात. ‘कोठारात रचून’ या भावात मात्र ठेकेदाराचे मजूर थेट आत उतरत. युद्धनौकेतील कोळशाची कोठारे बाष्पकांच्या (बॉयलरच्या) खोल्यांना लागून असलेली, अरुंद आणि अंधारी असत. वरच्या तोंडातून ओतलेल्या कोळशाची खाली रास होते आणि कोपरे रिकामे राहतात. ते कोपरे भरण्यासाठी कोणीतरी आत ओणवे होऊन, दिव्याच्या उजेडात, नाकातोंडात भुकटी जात असताना फावड्याने कोळसा मागे सारावा लागतो. या कामाला बंदरांत ‘ट्रिमिंग’ म्हणत, आणि चढा भाव त्याचाच आहे. १९०६ साली पाण्यात उतरलेल्या ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेत सुमारे २९०० टन कोळसा मावत असे. एवढा साठा नीट पसरून रचला नाही, तर जहाजाचा पल्ला घटे आणि एका अंगाला भार आल्यास ते कलेही.

२२४० पौंडांचा उल्लेखही उगाच नाही. हा इंग्रजी टन, म्हणजे सुमारे १०१६ किलो. पोर्तुगालने एकोणिसाव्या शतकातच दशमान मापे स्वीकारलेली असल्यामुळे मुरगावसारख्या बंदरात ‘टन’ एवढेच लिहून भागले नसते. पाचशे टनांच्या भरण्यात दोन मापांमधील फरक आठ टनांचा होतो, आणि आठ टन कोळशासाठी भांडण करायला दोन्ही बाजू आनंदाने तयार असत. शिवाय मोजायचे कसे, हा प्रश्न उरतोच. कोठाराचे आकारमान काढून टनाला ४० ते ४५ घनफूट असा अंदाज बांधणे सोपे होते, पण त्यात खूप तफावत पडे. गोण्या मोजणे आणि मधून मधून एखादी गोणी काट्यावर चढवून पाहणे ही अधिक विश्वासाची रीत होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पडावातील कोळसा चिंब भिजतो, तेव्हा करारात ओलाव्याची मर्यादा घातलेली नसेल तर नौदल पाण्याचेही पैसे मोजते. हे कलम आपल्या नक्कलेत आहे का, ते जरूर पाहावे.

माल नाकारण्याचा अधिकार त्याच रेषेशी बांधलेला आहे. एकदा कोठारात गेलेला कोळसा परत काढणे जवळजवळ अशक्य. म्हणून तपासणी पडावावरच व्हायला हवी. चुरा किती, दगड किती, खाणीचा दाखला कोणता, हे तेथेच पाहिले जाई. नौदलांची पहिली पसंती वेल्समधील वाफेच्या कोळशाला असे, कारण तो धूर कमी करतो आणि उष्णता भरपूर देतो. बंगालचा कोळसा स्वस्त असला तरी त्याला धूर आणि राख जास्त. १९१४ च्या सप्टेंबरात जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने बंगालच्या उपसागरात आधी हिंदी कोळशाने भरलेले ‘पोंटोपोरोस’ हे ग्रीक जहाज धरले आणि नंतर श्रीलंकेच्या पश्चिमेला ‘बुरेस्क’ हे सुमारे ६६०० टन वेल्श कोळसा नेणारे ब्रिटिश जहाज पकडले. त्या नौकेवर खरा आनंद झाला तो दुसऱ्या वेळी, कारण लपूनछपून फिरणाऱ्या जहाजाला क्षितिजावर दिसणारा काळा धूर परवडत नाही. नाकारलेल्या मालाची भरपाई बहुधा अशी होई की अधिकारी दुसरीकडून कोळसा विकत घेत आणि भावातील फरक ठेकेदाराच्या अनामत रकमेतून वळता करून घेत.

तासाच्या टनांचे कलम ठेकेदाराला जाचक होते, यात शंका नाही. पडाव उशिरा आले तर दंड त्याला. पण जहाजावरून गोण्या वेळेवर रिकाम्या होऊन परत आल्या नाहीत आणि पडाव दिवसभर तिष्ठत राहिले, तर त्याची भरपाई ठेकेदाराला मिळायला नको का? आपण उतरवून पाठविलेल्या कलमांत तरी तसा खोळंबा-आकार दिसत नाही. असा मसुदा विकत घेणाऱ्याच्या कचेरीत तयार होतो आणि विकणारा त्यावर फक्त सही करतो. संपाचे कलमही शोधावे. १८९८ साली वेल्समधील खाणी एप्रिलपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंद राहिल्या होत्या. अशा वेळी दूरच्या बंदरातील ठेकेदाराने कोळसा आणायचा कोठून? म्हणून ठेकेदार संपाचा अपवाद मागत आणि नौदल उलट किमान साठा सतत शिल्लक ठेवण्याची अट घालत.

आता लढाईच्या काळाविषयी. १९०७ च्या हेग परिषदेतील तेराव्या करारनाम्याने याचे नियम घालून दिले आहेत. तटस्थ बंदरात लढणाऱ्या देशाच्या युद्धनौकेला, तटस्थ देशाचा वेगळा कायदा नसेल तर, २४ तासच राहता येते. स्वदेशातील सर्वांत जवळच्या बंदरापर्यंत पोचण्यापुरताच कोळसा घेता येतो, मात्र काही देशांनी कोठारे पूर्ण भरू देण्याची पद्धत स्वीकारली असल्यास तेथे तसे चालते. आणि त्यानंतर तीन महिने त्याच सत्तेच्या कोणत्याही बंदरात पुन्हा कोळसा घेता येत नाही. म्हणजे आफ्रिकेतील लोरेन्सो मार्किस (आजचे मापुटो) या पोर्तुगीज बंदरात कोळसा भरलेल्या नौकेला, पोर्तुगाल तटस्थ असताना, तीन महिन्यांच्या आत मुरगावला तो मिळणार नाही. एक गमतीचे कलम असे की बंदराच्या कायद्यानुसार पहिल्या २४ तासांत कोळसा देता येत नसेल, तर मुक्काम आणखी २४ तासांनी वाढतो. पहिल्या महायुद्धात पोर्तुगालची स्थिती मात्र चमत्कारिक होती. इंग्लंडशी जुनी मैत्री असल्याने त्याने तटस्थता जाहीरही केली नाही आणि मार्च १९१६ मध्ये जर्मनीने युद्ध पुकारेपर्यंत तो अधिकृतपणे लढाईतही नव्हता. आपला करार त्या वर्षांतला असेल, तर युद्ध पेटल्यास पुरवठा थांबविण्याची सवलत ठेकेदाराला दिली आहे का, हे सर्वांत आधी तपासावे.

राहिल्या पेन्सिलीच्या रेघा. पाचाचे जुडगे ही मोजणी कारकुनाची जगभरची खूण आहे. ब्रिटिश नौदलात कोळशाची गोणी सामान्यतः दोन हंड्रेडवेटची, म्हणजे २२४ पौंडांची असे. दहा गोण्यांचा बरोबर एक टन होतो, त्यामुळे हिशेब बोटांवर करता येई. आपल्या पणजोबांच्या गोण्या त्याच मापाच्या असतील, तर ४६ जुडगी म्हणजे २३० गोण्या, म्हणजे २३ टन. एखाद्या लहान पडावाचा भरणा असावा. शेवटचे जुडगे पूर्ण आहे की त्यात आडवी रेघ नाही, तेवढे पुन्हा निरखून कळवावे, म्हणजे एकदोन गोण्यांची चूक राहणार नाही.