पाण्याकाठच्या गावात पहिली संध्याकाळ निवांत कशी घालवावी?

तुम्ही लिहिलंय की दुपारी उशिरा पोहोचणार, प्रवासाने अंग आंबलेलं असणार, पण 'संध्याकाळ वाया जायला नको'. माझं ऐकाल तर त्या दिवशी बघायच्या ठिकाणांच्या यादीला हातच लावू नका. बॅगा खोलीत टाका, तोंडावर पाणी मारा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी काठावर जा. बस्स, एवढाच कार्यक्रम.

किनारा कुठल्या दिशेला आहे ते मात्र आधी बघून घ्या. पूर्वेला असेल तर सूर्य पाण्यात बुडताना दिसणार नाही, उगाच हिरमोड नको. त्याऐवजी आकाश स्वच्छ असेल तर सूर्य मावळल्यावर पूर्वेच्या क्षितिजावर निळसर करडा पट्टा वर सरकताना दिसतो आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी छटा असते. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीचीच सावली. पश्चिमेकडे मोबाइल रोखून उभ्या असलेल्यांच्या हे गावीही नसतं.

किनारा पश्चिमेचा असेल तर बिंब बुडालं की अर्धी गर्दी कपडे झटकून उठते. तुम्ही बसून राहा. उंच ढगांवर रंग चढतो तो बहुतेक वेळा त्यानंतरच.

गाव समुद्राकाठी असेल तर धक्क्याच्या पायऱ्यांकडे नीट बघा. वरच्या पायऱ्या कोरड्या, खालच्या हिरव्या, शेवाळलेल्या. पाणी रोज कुठवर चढतं ते तिथेच कळतं. (हिरव्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. साबणासारखी निसटते.) पाण्याच्या वर असूनही ओली पायरी दिसली तर पाणी उतरतंय, म्हणजे ओहोटी लागलीय. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. त्यामुळे आज पाणी कधी कुठे होतं हे बघितलंत की उद्या वाळूत लांबवर चालायला कधी निघायचं याचा अंदाज तुमचा तुम्हालाच येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त.

अंधार पडायला लागला की वारा पडतो. दिवसभर जमीन तापून समुद्राकडून येणारा वारा मंदावतो आणि रात्री उशिरा उलटा, जमिनीकडून वाहू लागतो. मधल्या त्या पडलेल्या वेळात डास हमखास येतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचं काहीतरी जवळ असू द्या.

आता दिवे. हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि बरोबर मुलं असतील तर त्यांचाही होईल. बोटीला डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर बोट तुमच्याच रोखाने येतेय. नुसता लाल दिसला तर तिची डावी बाजू तुमच्याकडे आहे, म्हणजे ती तुमच्या डावीकडे चाललीय. दीपगृह असेल तर दोन झोतांमधले सेकंद मोजा. आसपासच्या दीपगृहांच्या लुकलुकण्याची पद्धत मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते, त्यावरून खलाशी आपण कुठे आहोत ते ओळखतात. गाव नदीकाठी किंवा तळ्याकाठी असेल तर भरती-ओहोटी सोडून द्या, बाकी सगळं तेच.

जेवायला खोलीजवळ जे सापडेल तिथे बसा. तारांकित शेरे वाचत पाऊण तास घालवण्यात अर्थ नाही, ती हौस उद्या.

एक मात्र करू नका, पोहायला उतरू नका. अनोळखी पाणी, दमलेलं अंग आणि मावळता उजेड, तिन्ही एकदम नकोत. ओढ कुठे आहे, तळ कुठे अचानक खोल होतो हे सकाळी तिथल्याच कुणाला तरी विचारा आणि मग खुशाल उतरा.