घरातला पहिला मान कुणाचा?

प्रश्न: मुलगी दहावीला, मुलगा दुसरीत. क्लासची टेस्ट रविवारी सकाळी असते, त्यामुळे जूनपासून मुलगी चर्चच्या उपासनेला येत नाही. रात्रीची कौटुंबिक प्रार्थनाही बंद पडली. जेवताना ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, आणि काढून घेतला की भांडण. सुरुवात कुठून करावी?
– एक आई, अहिल्यानगर

उत्तर: ताई, सलाम. सुरुवात मोबाइलपासून करू नका. तुमच्या पत्रात त्याहून मोठी मूर्ती दिसते ती मार्कांची, आणि ती बहुतेक घरांत मुलांनी नव्हे, मोठ्यांनीच आणलेली असते. मन ज्याच्यावर विसंबते तोच माणसाचा खरा देव, असे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1529 मध्ये लिहिले. घरात पारख करायची तर एवढेच पाहा: कशासाठी सगळ्यांचे बेत बदलतात आणि काय सहज पुढे ढकलले जाते? बायबलमध्ये 1 शमुवेल 2:29 मध्ये एली या याजकाला बोल लागतो तो परक्या दैवतामुळे नाही. त्याने परमेश्वरापेक्षा आपल्या मुलांचा मान अधिक राखला म्हणून.

आधी क्लासमध्ये जाऊन दुपारच्या बॅचला टेस्ट देता येईल का, ते विचारा. नाही जमले तर शहरातल्या दुसऱ्या मंडळीची (चर्चची) सकाळची लवकरची किंवा संध्याकाळची उपासना गाठा. तेही शक्य नसेल, तर निदान प्रभुभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा) रविवार सोडायचा नाही, टेस्ट बुडाली तरी, हे तुम्ही दोघांनी ठरवा. मुलीला स्पष्ट सांगा की निर्णय आमचा आहे, त्या टेस्टच्या मार्कांवरून तुला कुणी बोलणार नाही. हे सांगायचे राहिले तर देवामुळे आपले मार्क गेले, असे तिच्या मनात बसते.

प्रार्थना रात्री दहाला ठेवली की धाकटा पेंगतो आणि मोठी वह्या आवरत असते. जेवायला बसण्याआधीची दहा-बारा मिनिटे घ्या. गीताची दोन कडवी, मार्कच्या शुभवर्तमानातली (येशूच्या चरित्राच्या पुस्तकातली) दहा-बारा वचने, त्यावर एकच प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू केलेले वाचन बहुधा लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकते. मार्कचे 16 अध्याय या वेगाने आठवड्यातून पाच दिवस वाचले तर साधारण तीन महिन्यांत होतात. चुकलेला दिवस भरून काढू नका, पुढच्या ओवीसारखे पुढचे वचन घ्या. वाचायची पाळी मुलांनाही द्या. दुसरीतला मुलगा दोन वचने अडखळत वाचेल, वाचू द्या.

घरची प्रार्थना बिघडते ती दोन कारणांनी. एक, वडील प्रवचन देऊ लागतात. दुसरे जास्त घातक: दिवसभराची बोलणी प्रार्थनेत शिरतात. ‘प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइलची सवय सुटू दे,’ हे मिटल्या डोळ्यांनीही मुलीला कळते की प्रभूला नव्हे, तिला सुनावले जात आहे. इफिस 6:4 मध्ये बापांना मुलांना चिरडीस आणू नका असे बजावले आहे, ते इथे तंतोतंत लागू पडते. तिच्याशी बोलायचे ते वेगळे, समोर बसून बोला.

मग मोबाइल. रात्री नऊला चारही चार्जर हॉलमध्ये, आईवडिलांचे फोन आधी. गजराची सबब निघू नये म्हणून साधे गजराचे घड्याळ आणा. क्लासच्या नोट्स व्हॉट्सअॅपवर येत असतील तर त्या नऊच्या आत उतरवून घ्यायच्या. धाकट्याच्या फोनवर फॅमिली लिंक (मुलांच्या फोनची वेळ ठरवून देणारे गूगलचे अॅप) लावून तीच वेळ ठेवा, पण त्याला सांगून, चोरून नको. सुरुवातीला कुरकुर होईल, तेव्हा नियम रोज बदलू नका. आणि ‘वचन पाठ केलेस तर अर्धा तास गेम’ हा सौदा कधीच करू नका. त्यातून मूल शिकते की खरे बक्षीस गेम आहे आणि वचन ही त्याची किंमत.

प्रश्न: आमचा सहा वर्षांचा मुलगा शेजारच्या मित्राला ‘तुमचा गणपती नुसती मूर्ती आहे’ म्हणाला. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर: त्याला रागावू नका, पण त्याच दिवशी बरोबर घेऊन शेजारी जा आणि तुम्ही स्वतः माफी मागा. त्याला सांगा की ‘माझ्याशिवाय दुसरे देव नसावेत’ ही पहिली आज्ञा आपल्या घरासाठी, आपल्या मनासाठी दिली आहे. दुसऱ्याच्या देवघराची परीक्षा घ्यायला नाही. प्रेषितांची कृत्ये 19:37 मध्ये इफिस शहराचा नगरलेखकच साक्ष देतो की प्रेषित पौलाच्या सोबत्यांनी तिथल्या देवीची निंदा केलेली नाही. घरात ‘मूर्ती’ हा शब्द आपण कुणाबद्दल आणि कोणत्या सुरात वापरतो, हेही तपासा. सहा वर्षांचे मूल तो सूर घरातूनच उचलते.