विकत आणलेलं शहाजिरं खरं आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: दुकानदाराने शहाजिरं म्हणून दिलेलं नक्की शहाजिरंच आहे का, आणि मुलाच्या मायक्रोस्कोपचा त्यात काही उपयोग होईल का? होईल, पण आधी नाक वापरा.

बी. फार्म.च्या प्रॅक्टिकलला स्पॉटिंगमध्ये, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखताना, मी कॅरवेला (जिऱ्यासारखाच दिसणारा विलायती मसाला) बिनधास्त 'जिरे' लिहून आले होते. त्यामुळे ही जोडी कायमची लक्षात राहिली. शहाजिऱ्याच्या नावाखाली बरेचदा हाच कॅरवे मिळतो. दोन्ही गडद, गुळगुळीत आणि कोयत्यासारखे बाकदार. शहाजिरं जरा बारीक. चिमूटभर तळहातावर चोळा. शेपूच्या भाजीची आठवण झाली तर तो कॅरवे, कारण शेपा (शेपूचे दाणे) आणि कॅरवे दोन्हींत कार्व्होन हे वासाचं द्रव्य असतं. खऱ्या शहाजिऱ्याचा वास जिऱ्याच्या बाजूला जातो. आणि दाणे काळेकुट्ट, तिकोनी असतील तर ती कलौंजी. तिचं कूळच वेगळं.

कलौंजी सोडली तर जिरे, धणे, ओवा, बडीशेप, शेपा ही खरं तर बियाणं नव्हेत, फळं आहेत. कोथिंबीर पेरताना धणे चपलेखाली रगडतो, तेव्हा जे दोन भाग होतात ती फळाची दोन अर्धुकं. बडीशेपेची अर्धुकं सहसा देठासकट जोडलेली राहतात, कॅरवेची सुटी होतात. शेपा चपटा, कडेला पातळ पंखासारखी किनार. साध्या जिऱ्यावर भिंगातून बारीक लव दिसते. शहाजिरं आणि कॅरवे बिनकेसाचे. ओव्यावर पुटकुळ्या असतात.

आता मायक्रोस्कोप. बडीशेप रात्रभर भिजवा, बटाट्याच्या फोडीला चीर देऊन तिच्यात उभी खोचा आणि नव्या ब्लेडने आडवे काप काढत जा. वीसेक काप वाया जातील. पाण्यात तरंगणारा, जवळजवळ पारदर्शक काप स्लाइडवर घ्या. सालीत तपकिरी, लंबगोल पोकळ्या दिसतील. याच तेलनलिका, वासाचं घर. बडीशेपेच्या एका अर्धुकात सहा: चार पाठीकडे, दोन सपाट बाजूला. जिऱ्यातही तितक्याच. धण्यात मात्र दोनच, त्याही आतल्या बाजूला. ओव्याचे काप काढायच्या फंदात पडू नका, बोट कापेल.

पूड असेल तर उलट काम सोपं. जिरेपुडीत त्या लवेचे तुकडे सापडायलाच हवेत. धणेपुडीत नागमोडी तंतूंचे थर एकमेकांवर आडवे-उभे, चटईच्या विणीसारखे दिसतात. या सगळ्या फळांच्या बीत साठा तेलाचा आणि प्रथिनांचा असतो, स्टार्चचा नसतो. म्हणून पूड पाण्यात उकळून, गार करून टिंचर आयोडिनचा थेंब टाका. पाणी गडद निळं झालं तर पिठाचा भर घातलाय.

हिंगावर हा प्रयोग करून दुकानदाराशी भांडू नका मात्र. बांधानी, म्हणजे मिसळण करून बनवलेल्या, हिंगात पीठ मुळातच असतं, आणि डबीवर ते लिहिलेलंही असतं.