प्रभावी जनुक दुसऱ्याला खरंच दाबतं का?

प्रश्न : लेकीचा विज्ञानाचा अभ्यास घेताना अडकले. प्रभावी जनुक अप्रभावीला ‘दाबतं’ म्हणजे नक्की करतं काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, दाबत वगैरे काही नाही हो, त्या शब्दानेच सगळा घोळ होतो. जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक वडिलांकडची) पेशीत आपापल्या जागी असतात, प्रश्न एवढाच की कुठल्या प्रतीपासून कामाचं प्रथिन बनतं.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा वाटाणाच घ्या. गोल दाण्यात एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) असतं, ते स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडतं. सुरकुतलेल्या वाणात त्याच जनुकाच्या मधेच डीएनएच्या सुमारे ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसलाय (हे १९९० मध्ये कळलं, मेंडेल जाऊन शंभरावर वर्षं झाल्यावर!), मग एन्झाइम धड बनत नाही, स्टार्च कमी पडतो, साखर तशीच साठते, साखर पाणी ओढते, दाणा टम्म फुगतो आणि वाळला की पाणी जाऊन सालाला सुरकुत्या पडतात.

आता एक प्रत चांगली, एक बिघडलेली असेल तर? एन्झाइम कमी बनतं, पण दाणा गोल राहायला तेवढं पुरतं. म्हणून गोल ‘प्रभावी’. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की त्याच गोल दाण्यातले स्टार्चचे कण मायक्रोस्कोपखाली बघितले तर ते शुद्ध गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांतल्या कणांच्या मधले दिसतात.

आणि बिघडलेली प्रत कायम अप्रभावीच असते असंही नाही बरं का. अॅकॉन्ड्रोप्लेझियात (उंची खुंटवणाऱ्या जन्मजात विकारात) हाडांच्या वाढीला ब्रेक लावणारं प्रथिन गरजेपेक्षा जास्त चालू राहतं, तिथे दुसरी प्रत चांगली असूनही ब्रेक सुटत नाही.