वाचकांचे प्रश्न : सोर्समधून कंपाईल करताना बिल्ड मधेच का मरतं?

प्रश्न : नमस्कार, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमधे ओपनसीव्हीचं (इमेज प्रोसेसिंगची लायब्ररी) सिफ्ट (चित्रातले ओळखीचे बिंदू शोधणारा अल्गोरिदम) वापरायचंय, सी प्लस प्लसमधून. सगळीकडे हेच लिहिलंय की काँट्रिब मॉड्यूल्स (ओपनसीव्हीचे वेगळे ठेवलेले जादा भाग) घ्या आणि सगळं सोर्समधून कंपाईल करा. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, ४ कोअर ८ थ्रेड, उबुंटू २२.०४. मेक -जे८ (बिल्डची कमांड) दिलं की थोड्या वेळाने सगळं हँग होतं, माऊसपण हलत नाही, आणि मग एरर येतो की सीसी१प्लस (कंपायलरचीच प्रोसेस) किल झालं. कंपायलर काढून परत टाकला तरी तेच. नवीन लॅपटॉप घ्यावा लागेल का? (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : लॅपटॉप नका घेऊ, आणि कंपायलरपण धडधाकट आहे तुमचा. पण आधी एक सांगते, फक्त सिफ्टसाठी तुम्हाला काहीच कंपाईल करायची गरज नाहीये. सिफ्टवर पेटंट होतं म्हणून ते इतकी वर्षं काँट्रिबमधे वेगळं ठेवलेलं होतं, ते पेटंट मार्च २०२० मधे संपलं आणि ओपनसीव्ही ४.४ पासून सिफ्ट मुख्य लायब्ररीत आलं. तुम्ही वाचताय ते लेख बहुतेक त्याआधीचे असणार. उबुंटू २२.०४ च्या रेपॉझिटरीत ४.५.४ व्हर्जन आहे, म्हणजे एपीटीने लिबओपनसीव्ही-डेव्ह हे पॅकेज टाकलं की काम झालं. सर्फ (सिफ्टसारखाच दुसरा अल्गोरिदम) लागत असेल तर गोष्ट वेगळी, ते अजून काँट्रिबमधेच आहे आणि नॉनफ्री ऑप्शन चालू करून स्वतःच बिल्ड करावं लागतं. तसंच कुडा (एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डवर काम चालवणं) पाहिजे असेल किंवा लायब्ररीच्या आतच काही बदल करायचा असेल तेव्हा सोर्सला हात घालायचा, नाहीतर तयार पॅकेज वापरा आणि वाचलेला वेळ प्रोजेक्टला द्या.

आता तरीही बिल्ड करायचंच असेल तर काय बिघडतंय ते समजून घ्या. -जे८ म्हणजे एकाच वेळी ८ फाईली कंपाईल होणार. सी प्लस प्लसमधे टेम्पलेट भरपूर असले की एकेक सीसी१प्लस १ जीबी, कधी त्याहून जास्त रॅम खातं, अशी ८ एकदम चालू, वर ब्राउझर उघडा, मग ८ जीबी पुरणार कुठून. रॅम संपली की सिस्टीम स्वॅपवर (रॅमऐवजी वापरायची डिस्कवरची जागा) जाते, तेच तुमचं हँग होणं, आणि स्वॅपपण भरलं की कर्नल जास्त मेमरी खाणारी प्रोसेस शोधून मारून टाकतो. सुडो लावून डीमेसेज कमांड चालवून बघा, त्यात आऊट ऑफ मेमरी लिहून नेमकं कोणाला मारलं तेही येतं.

म्हणून कोअर किती आहेत हे बघून -जे चा आकडा ठरवू नका, रॅम बघून ठरवा. जड सी प्लस प्लससाठी साधारण २ जीबीला एक जॉब धरायचा, म्हणजे तुम्हाला ३, फार तर ४, आणि ब्राउझर बंद. -जे च्या पुढे आकडाच न देणं तर सगळ्यात वाईट, मेक मग कसलीच मर्यादा ठेवत नाही. निन्जा (मेकच्या जागी वापरतात ते टूल) वापरत असाल तरी आकडा द्याच, कारण न दिल्यास तो थ्रेडपेक्षा २ जास्त जॉब लावतो, तुमच्याकडे १०. सोबत ८ जीबीची स्वॅप फाईल बनवून ठेवा, एसएसडी असेल तर एखादी अवघड फाईल तेवढ्यावर निभावून जाते. आणि बिल्ड मधे मेलं म्हणून बिल्ड फोल्डर उडवू नका!! तीच कमांड कमी जॉब देऊन परत चालवा, झालेल्या फाईली परत होत नाहीत, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

कामपण कमी करता येतं. ओपनसीव्हीत बिल्ड टेस्ट्स आणि बिल्ड पर्फ टेस्ट्स हे दोन ऑप्शन आपोआप चालू असतात, ते ऑफ करा (नावं कॅपिटलमधे, मधे अंडरस्कोर), तुम्हाला त्या टेस्ट चालवायच्याच नाहीयेत. बिल्ड लिस्टमधे हवी तेवढीच मॉड्यूल्स द्या. काँट्रिब घेतलंत तर त्याचं व्हर्जन मुख्य सोर्सशी तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर मधेच कुठेतरी विचित्र एरर येतात.

आणि सीमेक (मेकच्या आधी बिल्डची तयारी करणारं टूल) संपल्यावर शेवटी जो लांबलचक सारांश येतो ना, तो वाचा. अगदी कळकळीने सांगतेय, बहुतेक जण तो न वाचताच मेक मारतात. त्यात जीटीके (खिडक्या दाखवणारी लायब्ररी) समोर नो दिसलं (आणि तशीच दुसरी, क्यूटीही नसेल) तर पूर्ण बिल्ड नीट होईल, इन्स्टॉल होईल आणि आयएमशो ने खिडकी उघडायला गेलात की हे फंक्शन इम्प्लिमेंटेड नाही म्हणून एरर येईल. एफएफएमपेग (व्हिडिओ वाचणारी लायब्ररी) नो असेल तर व्हिडिओ उघडताना रडाल. संबंधित डेव्ह पॅकेज टाकून सीमेक परत चालवायला दोन मिनिटं लागतात, पूर्ण बिल्ड झाल्यावर हे कळलं तर अख्खी दुपार जाते.

प्रश्न : लायब्ररी बिल्ड केली, इन्स्टॉलपण झाली, माझा प्रोग्रॅम कंपाईल होतो, पण चालवला की शेअर्ड लायब्ररीची फाईल सापडत नाही म्हणतो. फाईल तर /युएसआर/लोकल/लिब मधे दिसतेय! (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सुडो एलडीकॉन्फिग चालवा, बहुतेक तेवढंच राहिलंय. लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणारा) दरवेळी सगळी फोल्डरं शोधत बसत नाही, एका कॅशमधे बघतो, आणि नवीन लायब्ररीची नोंद त्या कॅशमधे अजून झालेली नाही, ती एलडीकॉन्फिग करतं. काही डिस्ट्रोंमधे हे फोल्डर त्या यादीतच नसतं, तेव्हा ते /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मधे एका फाईलीत लिहून मग एलडीकॉन्फिग करायचं. एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं सेटिंग) बॅशआरसीत कायमचा टाकून ठेवू नका, दोन व्हर्जन झाली की कुठला प्रोग्रॅम कुठली उचलतोय ते कळणार नाही.

प्रश्न : कंपायलरचं काम शिकतोय म्हणून एलएलव्हीएम (कंपायलर बनवायची साधनं) आणि क्लँग (त्यावरचा सी प्लस प्लस कंपायलर) डीबग मोडमधे बिल्ड करतोय. १६ जीबी रॅम, निन्जा -जे४ ठेवलंय, कंपाईल व्यवस्थित होतं पण शेवटाला लिंकिंग (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणं) आलं की एलडी (लिंकर) किल होतं. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमचा -जे४ कंपाईलसाठी बरोबरच आहे, पण त्यातच ४ लिंकपण एकदम चालतात, आणि डीबग मोडमधला एकेक लिंक कित्येक जीबी घेतो. क्लँग, ऑप्ट, एलएलसी अशा प्रत्येक टूलमधे त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या डीबग माहितीसकट परत परत जोडल्या जातात. एलएलव्हीएमला यासाठी वेगळा ऑप्शनच आहे, पॅरलल लिंक जॉब्स, तो १ करा. तो फक्त निन्जासोबत चालतो, तुम्ही निन्जाच वापरताय. मग लिंकर म्हणून एलएलडी द्या, एपीटीने मिळतो, जीएनयूच्या एलडीपेक्षा वेगवान आणि मेमरीपण कमी. टार्गेट्स टू बिल्ड मधे फक्त एक्स८६ लिहा, नाहीतर एआरएम, रिस्क-व्ही, पॉवरपीसी सगळ्यांचे बॅकएंड बनत बसतात.

डीबग खरंच हवंय का तेही बघा. शिकायला रिलीज मोड आणि असर्शन्स (कोडमधल्या आतल्या तपासण्या) ऑन हे कॉम्बिनेशन उत्तम, चूक केली की असर्शन ओरडतं आणि बिल्डपण आटोक्यात राहतं. एखाद्या पासमधून (कंपायलरच्या एका टप्प्यातून) डीबगरने लाईन बाय लाईन जायचंच असेल तर डीबग ठेवा आणि सोबत स्प्लिट ड्वॉर्फ चालू करा, मग डीबग माहितीचा मोठा भाग वेगळ्या फाईलींत जातो आणि लिंकरला तो वाचावाच लागत नाही. सीकॅशपण (आधी कंपाईल केलेलं साठवून परत वापरणारं टूल) आत्ताच लावून ठेवा, ब्रँच बदलत राहिलात की फरक जाणवेल.